दिसेपर्यंत थांब

वडगावात, माग चालतात त्या गल्लीत माझी खोली.
खाली खटाखट. वर मी लिहिते:
‘उघड’ ही आज्ञा पान उघडते.
पान भरून आलं की नाही, हे तिला कळत नाही.

एवढ्या दोन वाक्यांना सकाळ गेली.

वाचणारा माणूस नाही.
धारवाडहून ईरण्णा फोनवर सांगतो,
हे यंत्र वाचणार मॅडम, शब्दाला धरून चालणार,
‘वगैरे’ लिहू नका,
वगैरे म्हटलं की ते काहीही करतं.
वगैरे काढलं. ‘सहसा’ काढलं.
‘शक्यतो’ तीन ठिकाणी होतं, तेही.
पडदे धुवायला काढलेल्या घरासारखं
उघडंबोडकं दिसायला लागलं पान.

‘थांब’ या आज्ञेला मुदत द्यावी. तीस सेकंद पुरेत.
मुदत दिली नाही तर
ते थांबूनच राहतं, काही न बोलता.
(आमच्याकडे याला कुणी बिघाड म्हणत नाही.)
कंसातलं ओळ पाठवण्याआधी खोडलं.

चाचणीला आम्हीच रचलेलं एक पान आहे,
उताऱ्याच्या अर्जाचं. खोटं गाव, खोटा सर्व्हे नंबर,
अक्षरं तेवढी खरी, कन्नड.
यंत्रानं ‘सल्लिसु’ शोधलं आणि दाबलं,
डोळ्याचं पातं लवायच्या आत.
मला ते अक्षर लागायला
पाचवी ते आठवी लागली होती.

पुढचा नियम:
बटण जागेवरून धरू नये.
डावीकडून इतकं, वरून इतकं, असं सांगू नये,
पान जरा सरकलं की बोट भलत्यावर पडतं.
नावानं हाक मारावी.

लिहिलं, आणि खिडकीतून बघत बसले.
नावानं?
इथं बसच्या पाटीवर एक नाव,
दुकानाच्या पाटीवर दुसरं,
लग्नपत्रिकेत तिसरं, आणि गाव
आहे तिथंच, पाणी यायची वाट बघत.
टीप जोडली: नाव बदललेलं असू शकतं.
तेव्हा शेजारी कोण आहे ते पाहावं.

मग सातेरीकाका आठवले.
खानापूरच्या कचेरीसमोर, पत्र्याच्या सावलीत,
लोकांनी मराठीत सांगायचं, त्यांनी कन्नडात लिहायचं.
लिहून झालं की कागद फिरवून पुन्हा
मराठीत वाचायचे, बोट ओळीखाली सरकवत:
‘ऐक गा नीट. मग अंगठा.’
एकदा नंदगडचा मष्णू ऐकता ऐकता म्हणाला,
‘असं न्हवं काका, ती पट्टी भावाची.’
कागद फाडला. स्टॅम्प वाया गेला.
त्याचे पैसे काकांनी स्वतःचे घातले,
आणि घरी काकीची बोलणी खाल्ली.

संध्याकाळी मी नवं कलम लिहिलं:
जे दाबल्यावर परत घेता येत नाही,
ते दाबण्याआधी ज्याचं काम आहे त्याला
त्याच्या भाषेत वाचून दाखवावं.
तो ‘हो’ म्हणेपर्यंत थांबावं.
इथं मुदत नाही.

ईरण्णा म्हणाला, मॅडम, असं काही आपल्यात नाहीच.
जे नाही ते कसं लिहिलंत?
म्हटलं, चूक माझी. पण काढत नाही.
तो बराच वेळ गप्प.
खाली कुणीतरी माग बंद केला, दोरा तुटला असेल.

तिसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला:
घातलंय. आज्ञेला नाव काय देऊ?

मी सुचवलेलं त्याच्या जिभेवर बसेना.
त्यानं सुचवलेलं मी दोनदा चुकीचं लिहिलं.
शेवटी इंग्रजी ठेवलं,
दोघांनाही सारखंच लांबचं,
आणि खाली, एका ओळीत,
आपापल्या अक्षरांत अर्थ दिला.